चक्कर मानेची की कानाची? चाचण्यांना जाण्याआधी

पत्र : ‘माझं वय ४६, राहणार कराड. गेल्या सव्वा वर्षात पाच वेळा जोराची चक्कर आली. आधी डाव्या कानात दडा बसतो, घूं घूं आवाज वाढतो आणि अर्ध्या तासात घर गरगर फिरायला लागतं. उलट्या होतात. दोन-तीन तासांनी थांबतं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात त्राण राहत नाही. मधल्या काळात कधी कधी अंथरुणात कूस बदलली की क्षणभर फिरल्यासारखं होतं. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाले, पट्टा दिला. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला. सहा महिने सिनॅरिझिन ही चक्करची गोळी दिवसातून तीनदा आणि रात्री अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी ०.२५ चालू आहे. आता पुण्याच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी व्हीएनजी, कॅलरिक, व्हीहिट आणि व्हेंप अशा चाचण्या लिहून दिल्यात. कानात पाणी सोडून मुद्दाम चक्कर आणतात म्हणे, त्याची भीती वाटते. माझ्या जाऊबाईंनी याच चाचण्या केल्या, तर “सगळं नॉर्मल” आलं आणि पैसे वाया गेले. मी करू का?’

ताई, करा. पण उद्याच गाडीत बसून जाऊ नका. आधी गोळ्यांचं नीट ठरवा आणि श्रवण चाचणीचा कागद हातात घ्या. हे दोन्ही न करता गेलात, तर तुमचेही पैसे वाया जाण्याची शक्यता बरीच आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य एक्स-रेचं किंवा एमआरआयचं नाही. ‘आधी डाव्या कानात दडा बसतो’ हे ते वाक्य. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज पुष्कळांना दिसते, त्यातल्या बहुतेकांना कधी चक्कर येत नाही. मानेच्या दुखण्याने मान अवघडेल, खांद्यात कळ येईल, हाताला मुंग्या येतील. एक कान दडून, त्यात आवाज वाढून, दोन-तीन तास घर फिरतं आणि मग आपोआप थांबतं, असं मानेच्या झिजेने होत नाही. पट्ट्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तोल सावरायला डोकं मोकळेपणाने हलणं गरजेचं असतं आणि महिनोन्‌महिने बांधलेला पट्टा नेमकं तेच अडवतो.

या चाचण्या आजाराचं नाव सांगत नाहीत, हेही जाण्याआधी लक्षात ठेवा. कोणत्या बाजूचा कान कमी काम करतोय, त्यातला कोणता भाग आणि साधारण किती, एवढंच त्या सांगतात. नाव ठरतं ते तुमच्या हकिगतीवरून, श्रवण चाचणीवरून आणि या आकड्यांवरून, तिन्ही एकत्र ठेवून. रिपोर्टखाली ‘डाव्या बाजूची दुर्बलता’ लिहून आलं म्हणजे निदान झालं असं समजू नका. ‘सर्व नॉर्मल’ आलं म्हणजे कानाला काही नाही, असंही नाही.

आतल्या कानात तोलाचे पाच भाग आहेत. डोकं वळलेलं ओळखणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका, आणि सरळ रेषेतली हालचाल व गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या दोन पिशव्या : युट्रिकल आणि सॅक्युल. दोन्ही कान सतत मेंदूकडे संदेश पाठवत असतात आणि मेंदू त्यांची तुलना करत राहतो. बैलगाडीच्या जोडीतला एक बैल दमला की गाडी त्याच्याच अंगाला वळते. तसं एका कानाचा जोर घटला की दोन्ही डोळे हळूहळू त्या बाजूला सरकतात, मेंदू त्यांना झटक्याने परत आणतो, ते पुन्हा सरकतात. या झटक्यांना निस्टॅग्मस म्हणतात. कान कवटीच्या हाडात दडलेला, तो थेट पाहता येत नाही. पण डोळे पाहता येतात. म्हणून तपासायचा असतो कान आणि कॅमेरा लावतात डोळ्यांवर.

तर पहिली गोष्ट श्रवण चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री. पत्रात तिचा उल्लेखच नाही. डाव्या कानात आवाज येणाऱ्या, दडा बसणाऱ्या माणसाचा हा कागद फाइलीत पहिला असायला हवा होता. तुमच्या लक्षणांवरून जो आजार आधी डोळ्यांसमोर येतो तो मेनियर्स. १८६१ मध्ये प्रॉस्पर मेनियर या फ्रेंच डॉक्टरांनी अशी चक्कर मेंदूची नसून कानाची असते हे मांडलं, म्हणून त्यांचं नाव. त्याचे २०१५ मध्ये ठरलेले निकष सोपे आहेत. २० मिनिटं ते १२ तास टिकणारे चक्करचे किमान दोन झटके. त्याच कानात कमी-जास्त होणारा आवाज, दडा किंवा ऐकू कमी येणं. त्या कानात खालच्या व मधल्या पट्टीतली श्रवणहानी, जी झटक्याच्या आधी, झटक्यात किंवा नंतर एकदा तरी ऑडिओमेट्रीत नोंदलेली असली पाहिजे. आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने हे सगळं अधिक चांगलं समजावता येत नाही, याची खात्री. या यादीत कॅलरिक नाही, व्हेंप नाही. ऑडिओमेट्री आहे. आणि ती सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

अडचण अशी की सुरुवातीच्या काळात झटका ओसरला की ऐकणंही भरून येतं. महिनाभराने चाचणी केली तर आलेख सरळ येऊ शकतो. म्हणून जवळच्या ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञांना, आधीच सांगून ठेवा, ‘झटका आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येईन, तेव्हा वेळ द्या.’ २५०, ५०० आणि १००० हर्ट्झला डावा कान उजव्यापेक्षा खाली गेलेला एकदा जरी कागदावर आला, तरी तो पुरावा पुढे कायम उपयोगी पडतो. सोबत टिंपॅनोमेट्रीही करून घ्या. कानाच्या पडद्यामागे हवा आहे की द्रव, हे तीत कळतं, आणि ते माहीत नसेल तर व्हेंपचा अर्थच लागत नाही.

आता अंथरुणात कूस बदलताना येणाऱ्या क्षणभराच्या चक्करकडे येऊ. हा वेगळा प्रकार आहे, आणि तुम्हाला दोन्ही असू शकतात. युट्रिकलमधले कॅल्शियमचे बारीक कण सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले की असं होतं. बीपीपीव्ही नावाने ते ओळखलं जातं, आणि मेनियर्स असलेल्यांत ते सोबत आढळतं. यासाठी डिक्स-हॉलपाइक चाचणी करतात, तिला यंत्रही लागत नाही. तुम्हाला पलंगावर बसवून मान ४५ अंश एका बाजूला वळवतात आणि झपकन उताणं झोपवतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं. किमान अर्धा मिनिट डोळे उघडे ठेवून थांबायचं. कण असतील तर दोन-चार सेकंदांनी डोळे वरच्या दिशेला आणि गोल फिरत झटके देतात, आणि एका मिनिटाच्या आत थांबतात. डोळे मिटलेत तर तपासणाऱ्याला काहीच दिसणार नाही, म्हणून कितीही फिरलं तरी उघडे ठेवा. सापडलं तर त्याच बैठकीत एप्लीच्या कृतीने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवत, कण परत जागी नेता येतात. हॉलपाइकमध्ये काही दिसलं नाही तर उताणं झोपवून डोकं डावीकडे-उजवीकडे वळवूनही पाहायला हवं, कारण कण आडव्या नलिकेतही असतात. ते राहून जाणं ही नेहमीची चूक आहे. मानेत खरंच तीव्र दुखणं असेल तर आधी सांगा, कुशीवर झोपवून करायची पद्धतही आहे.

पुण्यात व्हीएनजीला, म्हणजे कॅमेऱ्याने डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या चाचणीला, बसाल तेव्हा क्रम साधारण असा असेल. डोळ्यांवर काळे गॉगल, त्यात इन्फ्रारेड कॅमेरे. आधी समोरच्या पडद्यावरचा ठिपका नजरेने पकडायचा : एकदा उड्या मारणारा, एकदा सावकाश सरकणारा. ही परीक्षा कानाची नाही, मेंदूची आहे. इथे गडबड दिसली तर पुढचा रस्ता मेंदूविकार तज्ज्ञांकडे जातो, म्हणून ‘हा कसला खेळ’ म्हणून दुर्लक्ष करू नका. मग अंधारात सरळ, डावीकडे, उजवीकडे पाहायचं. मग डोक्याच्या वेगवेगळ्या स्थिती. कॅलरिक सर्वांत शेवटी, कारण तिने उठवलेली चक्कर आधी केली तर बाकीचं सगळं गढूळ होतं.

कॅलरिकची भीती वाटते म्हणता, म्हणून ती जरा सविस्तर. तुम्हाला उताणं झोपवून डोकं ३० अंश वर उचलतात. त्याने आडवी नलिका उभी राहते. मग एका कानात ३० अंश सेल्सियसचं किंवा ४४ अंशांचं पाणी अर्धा मिनिट सोडतात. शरीराचं तापमान ३७, त्याच्या सात खाली आणि सात वर. काही ठिकाणी पाण्याऐवजी हवा असते, तेव्हा २४ आणि ५० अंश, साधारण एक मिनिट. नलिकेतला द्रव एका बाजूने तापतो किंवा गार होतो, हलतो, आणि डोकं स्थिर असूनही कानाला वाटतं की आपण वळतोय. गार पाण्याने डोळ्यांचे झटके विरुद्ध बाजूला, कोमट पाण्याने त्याच बाजूला. कान धुताना पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रोग्यांना चक्कर येते, हे पाहून व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी या चाचणीचा पाया घातला. १९१४ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना तोलाच्या अवयवावरील कामासाठी मिळालं.

पाणी बंद झाल्यावर चक्कर वाढते, मिनिटभराच्या आसपास सर्वांत जोरात असते आणि दोन-तीन मिनिटांत उतरते. तुमच्या दोन-तीन तासांच्या झटक्यापुढे ती फारच लहान असते. मधल्या शिखरावर ऑडिओलॉजिस्ट तुम्हाला बोलतं ठेवतील. अ वरून गावांची नावं सांगा, शंभरातून सात-सात वजा करा असं काहीतरी. ते वेळ घालवण्यासाठी नसतं. मन रिकामं राहिलं किंवा डुलकी लागली तर मेंदू हे झटके दाबून टाकतो आणि चांगला कानही दुबळा दिसतो. म्हणून उत्तरं देत राहा, चुकली तरी चालतील. शिखर गाठल्यावर एक दिवा लावून त्याकडे पाहायला सांगतात. निरोगी मेंदू नजर रोखून झटके निम्म्याहून खाली आणतो. ते जमलं नाही तर लहान मेंदूबद्दल शंका येते. मग पाचेक मिनिटं विश्रांती आणि पुढचं पाणी. असं चार वेळा : दोन कान, दोन तापमानं. नुसत्या एका तापमानावर उरकणारी जागा असेल तर आधीच विचारून घ्या. चारही हवेत.

रिपोर्टमध्ये चार आकडे येतील, डोळा सरकण्याचा वेग, अंश दर सेकंदाला. समजा उजवा कोमट २४, उजवा गार २०, डावा कोमट ९, डावा गार ७. चारांची बेरीज ६०. उजव्याचे ४४, डाव्याचे १६, फरक २८. अठ्ठावीसला साठने भागलं की जवळपास ४७ टक्के. ही डाव्या बाजूची दुर्बलता. बहुतेक प्रयोगशाळा २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते खरं मानतात, काहींची रेषा २० किंवा ३० वर असते. रिपोर्टवर ती छापलेली असते, ती पाहा.

पण टक्क्यांच्या आधी ते चार आकडे पाहा. वरच्या उदाहरणात डाव्याचे दोन्ही कमी आहेत, एकमेकांशी जुळतात, म्हणून विश्वास ठेवायचा. तेच जर डावा कोमट २३ आणि फक्त डावा गार ७ असा एकटाच खाली पडलेला असेल, तर बहुधा कान दुबळा नसतो. पाण्याची धार पडद्यापर्यंत पोचलेली नसते. मळाचा गोळा आड आला, कानाची नळी अरुंद आहे, नळीचं टोक भिंतीला लागलं, किंवा तेवढ्या वेळेला तुम्ही डोळे मिटले. तो एक भाग पुन्हा करायला हवा, आणि चांगले ऑडिओलॉजिस्ट तो न सांगता करतात. म्हणून जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या. घरी काडी किंवा कोमट तेल नको, तेलाचा थरही उष्णता अडवतो. पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर पाणी सोडायचंच नाही, हे तुम्ही आपणहून सांगा.

चारही आकडे खाली आले तर? तिथेच तुमच्या गोळ्यांचा प्रश्न येतो. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, आणि अल्प्राझोलाम-क्लोनाझेपाम जातीच्या गोळ्या हे सगळे तोलाच्या यंत्रणेला झापड आणतात. त्या पोटात असताना केलेल्या कॅलरिकमध्ये दोन्ही कान दुबळे दिसतात आणि रिपोर्टवर चक्क ‘दोन्ही बाजूंची दुर्बलता’ छापून येते. खरा दुतर्फा दुबळेपणा असतो, नाही असं नाही. प्रत्येक कानाच्या दोन आकड्यांची बेरीज ६ च्या खाली असेल तर तो धरतात. पण त्या माणसाची कहाणी निराळी असते. अंधारात पाय अडखळतात, चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात, आणि मागे कधी जेंटामायसिनची किंवा क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झालेली असतात. तुमची कहाणी तशी नाही.

सिनॅरिझिन ४८ तास आधी बंद ठेवायला सांगतील. सहा महिने दिवसातून तीनदा घेताय, तर ती कायमची थांबवण्याबद्दलही याच निमित्ताने विचारा. झटका चालू असताना दोन-तीन दिवस या गोळ्या उपयोगी असतात. पुढे मेंदू कानातली उणीव भरून काढायला शिकत असतो, ते शिकणं त्या मंदावतात, आणि सिनॅरिझिन फार काळ घेतल्याने हात थरथरणं, हालचाली जड होणं असे कंपवातासारखे त्रास होऊ शकतात. अल्प्राझोलामचं मात्र वेगळं आहे. रोजची सहा महिन्यांची सवय असलेली ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम सोडू नका. झोप उडते, जीव घाबरा होतो, क्वचित फिटही येते. ज्यांनी ती लिहून दिली त्यांच्याकडून हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक घ्या आणि चाचणीची तारीख त्यानंतरची ठरवा. ते शक्य नसेल तर गोळी चालू आहे असं अर्जावर लिहा. मग कॅलरिकच्या आकड्यांना त्या हिशेबाने वाचतील आणि व्हीहिट-व्हेंपवर जास्त भर देतील, कारण त्यांच्यावर या गोळ्यांचा परिणाम बराच कमी होतो. रक्तदाब, साखर, थायरॉइड, हृदय, फिट यांच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या. बीटाहिस्टीन ही चक्करवरची गोळी चालू असेल तर त्याचं काय करायचं हे प्रयोगशाळेला विचारा, पद्धती निरनिराळ्या आहेत.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी काजळ लावू नका. कॅमेरा डोळ्यातली काळी बाहुली शोधत असतो, आणि पापणीवरची काजळाची रेघ त्याला बाहुलीच वाटते. आलेख उड्या मारतो आणि मग कापसाने डोळे चोळत बसावं लागतं, तरी ते पूर्ण निघत नाही. मस्कारा, आयलायनर, सुरमा, सगळं त्यातच आलं. पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको, दोन-तीन तास आधी हलकं काही खा. चहा-कॉफी त्या दिवशी टाळा. सोबत कोणाला तरी न्या आणि स्वतः गाडी चालवत परतू नका. सगळं मिळून दीड-दोन तास धरा, कराडहून एकाच दिवसात होतं.

व्हीहिट चाचणीत चक्कर येत नाही. भिंतीवरच्या ठिपक्यापासून निदान एक मीटर अंतरावर तुम्ही बसता, ऑडिओलॉजिस्ट मागे उभे राहून तुमचं डोकं अचानक, छोट्या अंतरात, झटकन वळवतात. नजर ठिपक्यावर राहिली पाहिजे. कान चांगला असेल तर डोळा डोक्याइतकाच उलट फिरतो आणि त्या गुणोत्तराचा आकडा १ च्या जवळ येतो. आडव्या नलिकेसाठी ०.८ च्या खाली आणि उभ्या नलिकांसाठी ०.७ च्या खाली गेला, शिवाय नजर परत आणणाऱ्या उड्या आलेखात दिसल्या, तर ती नलिका दुबळी. नुसता आकडा कमी आणि उड्या एकही नाहीत, तर बहुतेक वेळा गॉगलचा पट्टा सैल असतो किंवा डोकं धरणाऱ्याचा हात पट्ट्याला लागलेला असतो. पट्टा घट्ट बांधला म्हणून कुरकुर करू नका, कपाळावर वळ उठला तरी तासाभरात जातो. मान मात्र सैल सोडा. आखडून धरलीत तर झटका मंद होतो आणि चाचणी निकामी ठरते.

ही चाचणी कॅलरिकची जागा घेते असं काही जण सांगतात, आणि तुमच्यासारख्या बाबतीत आम्हाला ते मुळीच पटत नाही. कॅलरिक कानाला फार सावकाश हालचालीचा भास देते, व्हीहिट फार वेगवान. मेनियर्समध्ये पुष्कळदा कॅलरिक दुबळी आणि व्हीहिट नॉर्मल अशी जोडी दिसते. ती विसंगती नव्हे, ती स्वतःच एक खूण आहे. याउलट व्हेस्टिब्युलर न्यूरायटिसमध्ये, म्हणजे तोलाच्या नसेला सूज येऊन चक्कर दिवसेंदिवस टिकते तेव्हा, सुरुवातीला बहुधा दोन्ही एकाच बाजूला कमी येतात आणि ऐकणं शाबूत असतं. पैसे वाचवायला यातली एकच केली तर ही जोडी कधी दिसणारच नाही.

व्हेंपमध्ये कानात ५०० हर्ट्झचे मोठे, ठोक्यासारखे आवाज सोडतात. मान वळवून मानेचा स्नायू ताणून धरायचा, त्यावर चिकटवलेला इलेक्ट्रोड सॅक्युलची प्रतिक्रिया टिपतो. दुसऱ्या प्रकारात वर पाहायचं, तेव्हा डोळ्याखालचा इलेक्ट्रोड युट्रिकलची टिपतो. स्नायू ढिला सोडला की लहर छोटी येते आणि कान दुबळा वाटतो. दोन्ही बाजूंना सारखाच ताण हवा, हे लक्षात ठेवा. पडद्यामागे पाणी असेल तर आवाज आत पोचत नाही आणि लहर येत नाही, टिंपॅनोमेट्री आधी करायला सांगितली ती यासाठीच. साठीनंतर ही लहर निरोगी माणसातही सापडेनाशी होते, पण तुमच्या वयात दोन बाजूंची तुलना अर्थपूर्ण असते. आवाज बराच मोठा असतो. मोठा आवाज सहन होत नसेल किंवा त्या दिवशी कानातली घूं घूं वाढलेली असेल तर सांगा, ही चाचणी पुढे ढकलता येते.

एमआरआयचा रिपोर्ट पुन्हा काढून वाचा. ‘मेंदू नॉर्मल’ एवढंच आहे, की आतल्या कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा मार्गही पाहिलाय? एकाच कानाला आवाज आणि कमी ऐकू येणं असेल तर त्या नसेवर वाढणारी साधी गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी त्या भागाचे बारीक छेद, शक्यतो काँट्रास्टसह, लागतात. ऑडिओमेट्रीत डावा कान कमी आला तर हे तज्ज्ञांच्या कानावर घाला.

तुमच्या जाऊबाईंचे पैसे वाया गेले असं आम्हाला वाटत नाही. त्यांची चक्कर कशी होती ते पत्रात नाही, पण व्हेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये, म्हणजे अर्धशिशीतून येणाऱ्या चक्करमध्ये, या चाचण्या बहुतेक वेळा नॉर्मल येतात, आणि तो फार मोठ्या संख्येने आढळणारा आजार आहे. चक्कर पाच मिनिटं ते ७२ तास, सोबत निम्म्या वेळा तरी डोकेदुखी, उजेड-आवाज नकोसा होणं किंवा डोळ्यांपुढे नागमोडी रेषा. अशा वेळी ‘कान शाबूत’ हे उत्तर डॉक्टरांना वेगळ्या औषधांकडे वळवतं. उठताना येणारी भोवळ बऱ्याचदा रक्तदाबाची असते. झोपून आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांत मोजला, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, की कारण हातात. त्यांना हे विचारून पाहा. तुमच्याही बाबतीत कॅलरिक नॉर्मल आली तर घाबरू नका. मेनियर्सच्या सुरुवातीला दोन झटक्यांच्या मधल्या काळात ती नॉर्मल येणं शक्य असतं, आणि तेव्हा तुमची ऑडिओमेट्री आणि तुमच्या नोंदीच निर्णय देतात.

त्या नोंदी आजपासून सुरू करा. प्रत्येक झटक्याची तारीख, कधी सुरू झाला, प्रत्यक्ष गरगरणं कधी थांबलं (नंतरचा थकवा त्यात धरू नका), कोणता कान, डोकं दुखलं का, आदल्या दिवशी झोप आणि खाणं कसं होतं. आणि पुढचा झटका आला की घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. खोलीत भरपूर उजेड, मोबाइल चेहऱ्यापासून हातभर, आडवा. दहा सेकंद समोर, दहा डावीकडे, दहा उजवीकडे पाहायचं, उजवी-डावी तोंडाने बोलून सांगायची, कारण सेल्फी कॅमेरा बाजू उलटवतो. मेनियर्समध्ये चक्करच्या एकाच झटक्यात डोळ्यांच्या झटक्यांची दिशा बदलू शकते, म्हणून चक्कर सुरू झाल्यापासून किती वेळाने घेतला तेही बोला. तासाभराने पुन्हा एक घ्या. प्रयोगशाळेत दोन आठवड्यांनी मुद्दाम आणलेल्या चक्करपेक्षा हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा तज्ज्ञांना कधी कधी जास्त सांगतो.

रिपोर्ट घेताना शेवटच्या पानावरचा निष्कर्ष तेवढा घेऊन येऊ नका. कॅलरिकचे चारही आलेख, व्हीहिटच्या सहा नलिकांची पानं आणि जमल्यास डोळ्यांचं चित्रीकरण पेनड्राइव्हवर मागा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची वेळ आली तर त्यांना तेच लागतं.

आणि या सगळ्यासाठी थांबायचं नाही असे प्रसंग : चक्करसोबत बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं दुखणं किंवा आधाराशिवाय उभंच राहता न येणं. मग थेट मोठ्या रुग्णालयात, कानाच्या चाचणीला नाही. आणि डाव्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं व काही तासांत परत आलं नाही, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच खरा फायदा होतो, दोन आठवड्यांनंतर तो फार उरत नाही.